प्रकरण ६ : दिवा लागला, पण गाडी तर चालते

“भाऊ, गाडी बरोबर चालते, ॲव्हरेजही देते, मंग हा पिवळा दिवा कायले लागला?”

अकोला असो की अमरावती, जुनी गाडी घेऊन गॅरेजमध्ये आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. दुसरा प्रश्न तो काही दिवसांनी घेऊन येतो, आणि तेव्हा त्याचा आवाज चढलेला असतो: “स्कॅनर लावला, त्यानं ऑक्सिजन सेन्सर सांगितला. सेन्सर बदलला, पैसे गेले, चार दिवसांत दिवा पुन्हा हजर. मले फसवलं का?”

बहुतेक वेळा कोणी फसवलेलं नसतं. स्कॅनर खरं तेच बोलला होता. त्याच्या बोलण्याचा अर्थ मात्र भलताच लावला गेला. हा अर्थ लावणं अवघड नाही. त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही आणि महागडं यंत्रही लागत नाही. क्रमाने विचार करायची सवय मात्र लागते.

१. दिवा कोण लावतो?

इंजेक्शनच्या प्रत्येक पेट्रोल गाडीत एक लहान संगणक असतो. मिस्त्री त्याला ईसीएम म्हणतात. सिलिंडरमध्ये किती पेट्रोल सोडायचं आणि ठिणगी नेमकी कधी पाडायची हे तो ठरवतो. त्यासाठी त्याला माहिती लागते: आत येणारी हवा किती गरम आहे, तिचा दाब किती, इंजिनचं पाणी किती तापलं, क्रँक कुठे फिरतोय, सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय. ही माहिती सेन्सर देतात. बहुतेक सेन्सर ० ते ५ व्होल्टच्या दरम्यान एक आकडा पाठवतात, आणि त्या आकड्यावरून ईसीएम तापमान किंवा दाब ओळखतो.

कोणता आकडा पटण्यासारखा आणि कोणता नाही, हे ईसीएममध्ये आधीच लिहून ठेवलेलं असतं. पटत नसलेला आकडा काही काळ टिकला की तो कोड नोंदवतो आणि दिवा लावतो. काही दोष लगेच नोंदले जातात. पुष्कळसे दोष मात्र सलग दोन-तीन प्रवासांत दिसले तरच दिवा लागतो, म्हणजे एखाद्या खड्ड्यात बसलेल्या हिसक्याने उगाच घबराट होत नाही.

मग गाडी चालते कशी? सेन्सरवरचा विश्वास उडाला की ईसीएम त्याचा आकडा बाजूला ठेवतो आणि स्वतःजवळचा एक ठरावीक, सुरक्षित आकडा वापरतो. हवेचं तापमान कळत नसेल तर ते अमुक आहे असं धरून चालतो. गाडी रस्त्यावर थांबू नये म्हणून ही सोय केलेली आहे. त्यामुळे “गाडी चालते” याचा अर्थ “गाडी ठीक आहे” असा होत नाही. ती अंदाजावर चालली आहे, आणि अंदाजाची किंमत पेट्रोलमध्ये, प्लगमध्ये आणि धुरात मोजली जाते.

दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो. ऑइलच्या डब्याचं लाल चित्र किंवा पाणी तापल्याचा लाल दिवा लागला, तर या प्रकरणातलं काही वाचत बसू नका. गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. पिवळा दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागला, तर एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय. ते पुढे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळवू शकतं. अशा वेळी रेस सोडा आणि जमेल तितक्या लवकर थांबा. स्थिर पिवळा दिवा असेल तर घरी पोहोचायला हरकत नाही.

२. आपल्या गाडीत कोड असतात का?

दोषांची नोंद गाडीनेच ठेवावी हा आग्रह मुळात कॅलिफोर्नियाचा. लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेला कंटाळून तिथल्या हवा-नियामक मंडळाने १९८८ च्या मॉडेलपासून पहिली सक्ती केली. पण प्रत्येक कंपनीचा कोड वेगळा, कपलर वेगळा, असा गोंधळ होता. १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत सगळ्यांना एकच १६ पिनांचा कपलर आणि एकच कोडपद्धत लागू झाली. तिला ओबीडी-२ म्हणतात.

भारतात हे उशिरा आलं, आणि वऱ्हाडात आणखी उशिरा. १ एप्रिल २०१० ला भारत स्टेज ४ हा धुराचा नियम फक्त १३ शहरांत लागू झाला. त्यांत महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. विदर्भातलं एकही शहर नव्हतं. या भारत स्टेज ४ गाड्यांना आधी साधी आणि १ एप्रिल २०१३ पासून पूर्ण ओबीडी व्यवस्था सक्तीची झाली. देशभर भारत स्टेज ४ आलं ते १ एप्रिल २०१७ ला. म्हणजे मधल्या वर्षांत एमएच-२७ किंवा एमएच-३० पाटी लागलेली गाडी भारत स्टेज ३ ची असू शकते, आणि त्याच वर्षी पुण्यात विकलेली त्याच नावाची गाडी ४ ची. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतील, पण पहिलीत साधा स्कॅनर कदाचित बोलणारच नाही. आरसी काढून त्यावरचा धुराचा नियम आणि उत्पादनाचा महिना आधी बघा.

कपलर स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला असतो. आकार वर रुंद आणि खाली अरुंद. तिथे लावायचा ब्लूटूथचा लहान अडॉप्टर हजार रुपयांच्या आत मिळतो आणि मोबाइलवर कोड दाखवतो. एक खबरदारी: २०१० च्या आधीच्या काही गाड्यांत कपलर १६ पिनांचाच असतो, पण आतली बोली कंपनीची स्वतःची असते. अडॉप्टर जोडला जात नाही याचा अर्थ ईसीएम गेला असा काढू नका. तिथे त्या कंपनीचा किंवा अनेक कंपन्यांचा मोठा स्कॅनर लागतो.

त्याहून जुन्या गाड्यांत स्कॅनरशिवायही काम होतं. कपलरमधल्या ठरावीक दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडायच्या आणि चावी ऑन करायची. मग दिवाच कोड मोजून दाखवतो. एकदा लुकलुकला, थोडा थांबला, मग दोनदा लुकलुकला, तर तो १२. सुझुकीच्या जुन्या पद्धतीत १२ म्हणजे “दोष नाही”. कोणत्या दोन पिना, हे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच बघायचं. चुकीच्या पिना जोडल्या तर फ्यूज जातो किंवा त्याहून महाग काही. कार्बोरेटरच्या मारुती ८०० मध्ये आणि जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेल गाड्यांत मात्र हा प्रकारच नसतो.

३. कोड वाचायचा कसा?

समजा मोबाइलवर पी ०११३ असं आलं. यातलं पहिलं अक्षर गाडीचा विभाग सांगतं: पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-सस्पेन्शनची बाजू, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे वेगवेगळ्या संगणकांमधला आपसातला संपर्क. पुढचा आकडा ० असेल तर कोड सर्व कंपन्यांत सारखा, १ असेल तर त्या कंपनीचा खास. त्यानंतरचा आकडा सर्वांत कामाचा. १ आणि २ म्हणजे हवा-पेट्रोल, ३ म्हणजे ठिणगी आणि मिसिंग, ४ म्हणजे धूर स्वच्छ करणारी यंत्रणा, ५ म्हणजे गाडीचा वेग आणि स्लो-रनिंग, ६ म्हणजे ईसीएम स्वतः, ७ आणि ८ म्हणजे गिअरबॉक्स. शेवटचे दोन आकडे नेमकी तक्रार सांगतात.

पी ०११३ म्हणजे “आत येणाऱ्या हवेच्या तापमानाच्या सेन्सरकडून व्होल्टेज जास्त येतंय”. हे वाक्य पुन्हा वाचा. सेन्सर खराब आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

वऱ्हाडातल्या कोणत्याही शेतकऱ्याला हा फरक चटकन कळेल. कपाशीवर लाल्या आला म्हणजे पानं लाल झाली, एवढंच डोळ्यांना दिसतं. ती मॅग्नेशियम कमी पडल्याने लाल झाली, नत्र कमी पडल्याने, पाण्याचा ताण बसल्याने की तुडतुड्यांनी रस शोषल्याने, हे पान उलटून आणि जमीन बघूनच ठरतं. कारण न शोधता फवारणी केली तर खर्च होतो आणि पानं लालच राहतात. कोड म्हणजे लाल झालेलं पान.

कोडवर दिसलेल्या नावाचा पार्ट आणून बसवणं ही जुन्या गाडीच्या मालकाची सर्वांत मोठी उधळपट्टी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. कोडने जागा दाखवली की तपासणी तिथून सुरू करायची.

४. मे महिन्यात अकोल्यात उणे ४०

पी ०११३ आणखी थोडा बघू, कारण तपासणी कशी करायची ते त्यावरून नीट समजतं.

तापमानाचा सेन्सर म्हणजे एक छोटा रोधक. तो थंड असला की विजेला जास्त अडवतो, गरम झाला की कमी. ईसीएम त्याला ५ व्होल्ट देतो आणि किती उरले ते मोजतो. आता वायरच तुटली, तर वीज पूर्णच अडली. ईसीएमच्या हिशेबात इतका मोठा अडथळा म्हणजे कमालीची थंडी. म्हणून वायर तुटलेल्या गाडीत मोबाइलवर हवेचं तापमान उणे ४० दिसतं, आणि बाहेर अकोल्यात ४५ च्या वर ऊन असतं. हा आकडा दिसला की सेन्सरआधी वायरिंगकडे वळायचं.

तपासणी पाच मिनिटांची आहे. हा सेन्सर दोन वायरींचा, वेगळा असेल तरच ती करा. सेन्सरचा कपलर काढा आणि वायरिंगच्या बाजूच्या दोन टोकांना वायरच्या लहान तुकड्याने एकत्र जोडा. आता अडथळा शून्य, म्हणजे ईसीएमला कमालीचा उष्मा दिसायला हवा. मोबाइलवरचा आकडा उणे ४० वरून उडी मारून शंभराच्या वर गेला, तर वायर आणि ईसीएम दोन्ही ठीक, सेन्सर गेलाय. आकडा उणे ४० वरच राहिला, तर सेन्सर निर्दोष; वाटेत कुठेतरी वायर तुटली आहे किंवा कपलरमधली पिन मागे सरकली आहे.

आपल्याकडे वायर तुटण्याचं नेहमीचं कारण म्हणजे उंदीर. गोदामाशेजारी किंवा शेतातल्या घरी गाडी आठवडाभर उभी राहिली की बॉनेटखाली उंदीर हमखास येतात. दुसरं कारण ऊन. वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि इंजिनच्या तापाने कपलरचं प्लास्टिक कडक होतं, लॉक तुटतं आणि कपलर अर्धवट सुटा राहतो. हाताने दाबून बसवला आणि कोड गेला, असंही पुष्कळदा होतं.

५. पुसण्याआधी लिहून घ्या

अनेक गॅरेजांमध्ये स्कॅनर लावला की पहिलं काम कोड पुसण्याचं होतं. हे मला अजिबात पटत नाही. कोड नोंदताना ईसीएम त्या क्षणाचे आकडेही साठवून ठेवतो: इंजिनचे फेरे, गाडीचा वेग, पाण्याचं तापमान, इंजिनवरचा भार. ॲपमध्ये याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की तेही जातात. बॅटरीची तार काढून ठेवली तरी बहुतेक जुन्या गाड्यांत तेच होतं.

उदाहरण घ्या. कोड पी ०३००, म्हणजे एका ठरावीक सिलिंडरऐवजी इकडेतिकडे मिसिंग होतंय. साठवलेले आकडे असे: वेग २८, फेरे ३१००, भार ८५ टक्के, पाणी ९२ अंश. वेग कमी, फेरे जास्त, भार मोठा. ही परतवाड्याहून चिखलदऱ्याला दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढणारी गाडी आहे. भार वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाबाखाली ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. जुने प्लग, फट वाढलेले प्लग, थकलेली कॉइल सपाट रस्त्यावर निभावून नेतात आणि घाटात हार मानतात. गॅरेजच्या दारात उभ्या असलेल्या गाडीत हा दोष कोणालाही दिसणार नाही.

मिसिंगचा कोड एकाच सिलिंडरचा असेल, जसं पी ०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरचा, तर पैसे न लागणारी एक तपासणी आहे. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर लावा, कोड आता पुसा आणि गाडी फिरवून आणा. कोड पी ०३०२ झाला तर दोष कॉइलसोबत गेला, म्हणजे कॉइल खराब. पी ०३०१ च राहिला तर कॉइल बरी. मग हेच प्लगचं करून बघा, नंतर इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन.

आणि एकाच वेळी चार-पाच असंबद्ध कोड आले असतील तर सगळ्यांत आधी बॅटरी बघा. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. आपल्या उन्हाळ्यात बॅटरीचं पाणी लवकर उडतं आणि ती लवकर मरते. व्होल्टेज पडलं की प्रत्येक सेन्सरचा आकडा डळमळतो आणि ईसीएम भराभर कोड नोंदवतो. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी घासून काढणं आणि इंजिनची अर्थिंगची तार घट्ट करणं, एवढ्यानेही कधी कधी पाचही कोड जातात.

६. खारं पाणी आणि काढून टाकलेला थर्मोस्टॅट

या भागावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण वऱ्हाडातल्या जुन्या गाड्यांचं इतकं नुकसान दुसऱ्या कशानेच होत नसावं.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आपल्याला नवा नाही. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या पट्ट्यातल्या विहिरी-बोअरचं पाणी पिकाला मानवत नाही हे घरोघरी माहीत आहे. पण रेडिएटरमध्ये पाणी कमी झालं की तेच पाणी बेधडक ओतलं जातं. त्यातले क्षार तापल्यावर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात. मीठ ॲल्युमिनियमचं हेड आतून खातं. तापमानाच्या सेन्सरच्या टोकावर पांढरं कवच चढतं आणि त्याला खरं तापमान उशिरा कळतं.

नळ्या बुजल्या की गाडी मे महिन्यात गरम होऊ लागते. त्यावर दोन जुगाड ठरलेले आहेत: “थर्मोस्टॅट काढून टाक” आणि “फॅन डायरेक्ट कर”. दोन्हींनी कोड जन्माला येतात.

थर्मोस्टॅट ही पाण्याच्या वाटेवरची एक झडप आहे. इंजिन थंड असताना ती बंद राहते, पाणी इंजिनमध्येच फिरतं आणि लवकर तापतं. साधारण ८२ ते ८८ अंशांना ती उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ लागतं. ती काढून टाकली की पाणी कायम रेडिएटरमधून फिरतं. नळ्या बुजलेल्या असतील तर उन्हाळ्यात याचा फारसा उपयोग होत नाही, कारण मूळ अडचण तशीच आहे. पण जानेवारीच्या पहाटे तुम्ही शेगावला निघालात, की थंड वाऱ्याने पाणी ६०-६५ अंशांच्या वर चढतच नाही. ईसीएमला वाटतं इंजिन अजून थंडच आहे. थंड इंजिनला जास्त पेट्रोल लागतं, म्हणून तो शंभर किलोमीटर जास्त पेट्रोल देत राहतो. प्लग काळे पडतात, ॲव्हरेज पडतं, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ करतं. आणि कोड येतो पी ०१२८: पाणी अपेक्षित वेळेत अपेक्षित तापमानाला पोहोचलं नाही. स्कॅनर थर्मोस्टॅटकडे बोट दाखवतो, आणि मालक सांगतो की तो तर गाडीत नाहीच! कोड अगदी बरोबर आहे.

फॅन डायरेक्ट केला की ईसीएमची फॅनवरची सत्ता जाते. त्याने पाठवलेल्या हुकमाचं काय झालं हे त्याला कळत नाही, आणि पी ०४८० सारखा फॅनच्या सर्किटचा कोड नोंदला जातो.

या सगळ्याची तपासणी मोबाइलवरच्या एका आकड्यावर होते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करून पाण्याचं तापमान बघत राहा. बाहेरच्या हवेइतक्या आकड्यापासून सुरुवात व्हायला हवी. गाडी चालवल्यावर साधारण दहा-पंधरा मिनिटांत ते ८० च्या वर जायला हवं आणि मग थोडं खाली-वर होत स्थिर व्हायला हवं. चढतच नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा काढलेला आहे. गाडी चालत असताना ठीक, पण चौकात गर्दीत उभी राहिली की चढत असेल, तर फॅन, त्याचा रिले किंवा फ्यूज. गर्दीत ठीक, पण महामार्गावर ९० च्या वेगाने चढत असेल, तर रेडिएटर बुजलाय किंवा वॉटर पंप पुरेसं पाणी ढकलत नाही. हे तीन फरक लक्षात ठेवले तर रेडिएटर उतरवायचा की नुसता फॅनचा रिले बदलायचा हे आधीच कळतं.

इलाज सरळ आहे. रेडिएटर उतरवून साफ करून घ्या, थर्मोस्टॅट परत बसवा, फॅन पुन्हा ईसीएमच्या ताब्यात द्या, आणि आत कूलंट व डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे भरा. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी कुठेही मिळतं. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात आणि पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. झाकणामुळे आत दाब असतो, म्हणून शंभरच्या वर तापलेलं पाणीही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो, पाणी तत्क्षणी उसळतं आणि हात-तोंड भाजतं.

७. “मिश्रण पातळ” म्हणजे काय?

आता सुरुवातीच्या त्या ऑक्सिजन सेन्सरवाल्या मालकाकडे येऊ. त्याचा कोड बहुधा पी ०१७१ असणार: हवा जास्त, पेट्रोल कमी. धुरात ऑक्सिजन जास्त उरलाय असं ऑक्सिजन सेन्सरने कळवलं. सेन्सरने आपलं काम चोख केलं, आणि बदलला गेला तोच!

हे समजायला आणखी एक आकडा हवा. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. धुरात ऑक्सिजन जास्त दिसला की ईसीएम पेट्रोल वाढवतो, कमी दिसला की घटवतो. ही दुरुस्ती ॲपमध्ये “फ्युएल ट्रिम” म्हणून टक्क्यांत दिसते. +१० म्हणजे ईसीएम ठरल्यापेक्षा १० टक्के जास्त पेट्रोल देतोय. दुरुस्ती साधारण +२० ते +२५ च्या पुढे गेली की तो हात टेकतो आणि पी ०१७१ नोंदवतो. नेमकी मर्यादा कंपनीप्रमाणे बदलते.

यात एक नवा घटक आला आहे: २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. २०२३ पासून ते टप्प्याटप्प्याने पंपांवर आलं आणि २०२५ पर्यंत देशभर तेच झालं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून १ किलो इथेनॉलला फक्त ९ किलो हवा पुरते. हिशेब करून बघू. १ लिटर निव्वळ पेट्रोल म्हणजे सुमारे ७४५ ग्रॅम, त्याला १४.७ ने गुणलं तर जवळपास १०.९५ किलो हवा. १ लिटर मिश्र इंधनात ८०० मिली पेट्रोल आहे, त्याला ८.७६ किलो; आणि २०० मिली म्हणजे १५८ ग्रॅम इथेनॉल, त्याला १.४२ किलो. एकूण १०.१८. तितक्याच हवेसाठी आता साधारण साडेसात टक्के जास्त इंधन सोडावं लागेल.

एवढ्याने दिवा लागत नाही. पण निव्वळ पेट्रोलवर बेतलेल्या जुन्या गाडीचा ट्रिम इंधन फिल्टर बुजल्यामुळे आधीच +१५ वर असेल, तर तो आता +२२ च्या पुढे जातो. गाडीत काहीच नवीन बिघडलं नाही, तरी दिवा लागला, असं मालकाला वाटतं. इथेनॉलने आधीपासूनचा दोष उघडा पाडला, असं म्हणणं जास्त बरोबर.

तो दोष शोधायचा कसा? ट्रिम दोनदा बघा: एकदा स्लोवर, एकदा २५०० फेऱ्यांवर. स्लोवर मोठा आणि रेस दिल्यावर लहान होत असेल तर कुठल्या तरी चिरलेल्या रबरी नळीतून चोरटी हवा शिरतेय. आपल्या उन्हात या नळ्या लवकर तडकतात. उलट, रेस दिल्यावर ट्रिम वाढत असेल तर पेट्रोल पुरत नाही: पंप थकलाय, फिल्टर बुजलाय किंवा इंजेक्टर मळलेत. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या पाइपला भेग असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो. थंड इंजिन सुरू करताना त्या भेगेपाशी फट-फट आवाज येतो आणि काजळीचा डाग दिसतो.

मात्र मारुतीच्या अनेक लहान जुन्या गाड्यांत आत जाणारी हवा मोजत नाहीत, इनटेकमधला दाब मोजून तिचा अंदाज घेतात. अशा गाडीत चोरटी हवाही दाबात धरली जाते, त्यामुळे ट्रिम फार वाढत नाही. स्लो-रनिंग मात्र चढलेलं राहतं. म्हणून अशा गाडीत पी ०१७१ आला की आधी पेट्रोलच्या बाजूला बघावं.

त्या दाबाच्या सेन्सरची परीक्षा तर निसर्गच घेऊन देतो. चावी ऑन ठेवा, इंजिन सुरू करू नका. आत-बाहेर दाब सारखाच असल्याने सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटर उंच आहे, तिथे ९७ किलोपास्कलच्या आसपास. अकोला थोडं खाली, तिथे किंचित जास्त. चिखलदरा १,१०० मीटरच्या वर, तिथे ८९ च्या जवळ. हवामानाने एक-दोनचा फरक पडतो. अमरावतीत उभ्या असलेल्या गाडीत ८० दिसत असेल, तर सेन्सर, त्याची नळी किंवा वायर यांतलं काहीतरी खोटं बोलतंय. मोबाइलच्या हवामान ॲपमधला दाब मात्र याच्याशी जुळवू नका, तो समुद्रसपाटीवर आणून दाखवलेला असतो.

८. पी ०४२०, थोडक्यात

हा कोड म्हणतो की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुरेसं काम करत नाही. पार्ट महाग, म्हणून भीतीही मोठी. आधी मिसिंगचे, मिश्रणाचे आणि पाण्याच्या तापमानाचे सगळे कोड निस्तरा, पाइपची भेग झाळून घ्या, मगच या कोडकडे बघा. कन्व्हर्टर बहुधा दुसऱ्या कोणाच्या दोषाने मरतो. तो दोष तसाच ठेवून नवा बसवला तर नवाही मरेल. आतली जाळी फोडून रिकामा पाइप ठेवणं हा उपाय नाही. दिवाही राहतो आणि पीयूसीला गाडी नापास होऊ शकते. भारत स्टेज ४ च्या पेट्रोल गाडीला स्लोवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत असावे लागतात. रिकाम्या पाइपने ते जमणं कठीण.

९. दुरुस्तीनंतर

दोष खरोखर गेला असेल तर कोड न पुसताही दिवा आपोआप विझतो: सलग तीन प्रवासांत ईसीएमला तो दोष दिसला नाही की झालं. नोंद मात्र आत राहते आणि इंजिन ४० वेळा थंडाचं गरम झाल्यावर मिटते. कोड पुसला असेल तर ईसीएम आपल्या सगळ्या चाचण्या कोऱ्या पाटीवर पुन्हा सुरू करतो. ॲपमध्ये त्यांची यादी “रेडिनेस” नावाने दिसते. कोणत्या पूर्ण, कोणत्या अपूर्ण.

या चाचण्या शहरात फिरून पूर्ण होत नाहीत. रात्रभर थंड झालेलं इंजिन, मग थोडी शहरातली थांब-चाल, मग बराच वेळ एकसारखा वेग, असा प्रवास लागतो. आपल्याला त्यासाठी अमरावती-अकोला रस्ता हाताशी आहे. जून २०२२ मध्ये या महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकला गेला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. सकाळी बडनेऱ्याहून निघून मूर्तिजापूरपर्यंत ७०-८० च्या वेगाने रेस न हलवता जा, मधूनमधून पाय उचलून गाडी आपोआप मंद होऊ द्या, आणि परत या. कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सरच्या चाचण्या अशा एक-दोन फेऱ्यांत बहुधा पूर्ण होतात.

जुनी गाडी विकत घेतानाही हीच यादी उपयोगी पडते. चावी ऑन केल्यावर इंजिन सुरू होण्याआधी पिवळा दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर बल्ब काढलेला आहे किंवा तार कापलेली आहे. दिवा लागून विझला, कोड एकही नाही, पण रेडिनेसच्या बहुतेक चाचण्या अपूर्ण, तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरीची तार नुकतीच काढली होती. अशा वेळी मालकाला घेऊन मूर्तिजापूरपर्यंत एक फेरी मारा, अडॉप्टर पुन्हा लावा, आणि गाडीचा भाव त्यानंतर बोला.